राजाची उडी

खेळाच्या नियमांवर वार्षिकांत लेख लिहिणें कित्येकांस पोरकटपणाचें वाटेल. परीक्षा, शेती, पाऊसपाणी, नोकरी हीं चिंतेचीं कारणें समोर असतां बुद्धिबळांतील राजा अडीच घरें उडूं शकतो कीं नाहीं याची चर्चा कोणीं कशाला करावी, असें पालक म्हणतील. परंतु ज्या घरांत दोन मुलें आहेत त्या घरांतील पालकांस हेंही ठाऊक असेल कीं, सुटीच्या दिवसांतील बहुतेक रडारड ही हार झाली म्हणून होत नाहीं. "असा नियमच नाहीं" या वाक्यावरून होते. हरलेला मुलगा घटकाभरानें पुन्हां पट मांडतो. नियमाच्या अर्थानें आपणांस फसविलें असें ज्यास वाटतें तो मात्र उठून जातो, व पुष्कळदां परत येत नाहीं. तेव्हां हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

आपल्याकडील जुन्या, म्हणजे देशी, बुद्धिबळाचे नियम आज थोड्यांनाच माहीत आहेत. १९२४ सालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघ स्थापन झाला. पुढें त्याचे नियम सर्वत्र प्रमाण मानले गेले, आणि विद्यार्थी आज शाळेंत खेळतात ते त्याच नियमांनीं. देशी खेळांत प्यादें पहिल्या खेळीस दोन घरें जात नसे. राजा व हत्ती यांची अदलाबदल, जिला आज किल्लेकोट म्हणतात, ती नव्हती. तिच्या ऐवजीं राजास, जोंवर त्याला शह बसलेला नाहीं तोंवर, सबंध डावांत एकदां घोड्यासारखी उडी घेण्याचा हक्क होता. प्यादें शेवटच्या घरीं पोहोंचलें म्हणजे तें ज्या पट्टींत असेल त्या पट्टीचें मोहरें होई. वाटेल तेथें वजीर करतां येत नसे. सर्व मोहरीं मारली जाऊन राजा एकटा उरला तर त्यास बुर्जी म्हणत, व ती पुरी हार गणली जात नसे. हे नियम प्रांतोप्रांतीं, किंबहुना गांवोगांवीं, थोडेथोडे वेगळे होते. मुंबईस १८१४ सालीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजींत निघालें, तेव्हां मूळ संस्कृतांतील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेऊनच द्यावे लागले. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला. १९२९ सालीं तो विलायतेस गेला आणि त्याच वर्षीं तेथील अजिंक्यपद त्यानें मिळविलें, व पुढें १९३२ आणि १९३३ मध्यें पुन्हां मिळविलें. ज्याच्या राजाला कालपर्यंत उडी होती त्यानें ती विसरून परक्यांच्या नियमांनीं परक्यांना हरविलें, ही गोष्ट आम्हांस त्याच्या अजिंक्यपदाहून मोठी वाटते.

आतां त्या उडीचा नियमच पाहूं. "शह बसण्यापूर्वीं राजास एकदां घोड्यासारखी उडी घेतां येते." एवढेंच वाक्य. ऐकतांना तें अगदीं स्पष्ट वाटतें. पण पटावर बसलें म्हणजे त्यांतून प्रश्नांचीं पिलें निघूं लागतात. उडी घेऊन राजानें शत्रूचें मोहरें मारावें काय? शह बसला, परंतु राजा न हलतां मध्यें उंट घालून तो चुकविला, तर हक्क गेला कीं राहिला? राजा एक घर साधा सरकला असेल तर पुढें उडी घेतां येईल काय? निघोजचा मुलगा व सुप्याचा मुलगा एका पटावर बसले आणि प्रत्येकाच्या आजोबांनीं त्याला निरनिराळें शिकविलें असलें, म्हणजे दोघेही खरें बोलत असून भांडण होतें. लबाडीचें भांडण मिटविणें सोपें असतें. हें तसें नव्हे.

हाच प्रकार आज निराळ्या वेषांत जगभर चालला आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यास पट लागतोच असें नाहीं. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकजण कथेंतील एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आणि एकजण सूत्रधार होऊन कथा पुढें नेतो. पात्राच्या अंगीं कोणतें सामर्थ्य आहे हें ग्रंथांत लिहिलेलें असतें, व संशयाच्या प्रसंगीं वीस बाजूंचा फांसा टाकून निकाल लावतात. पुण्यामुंबईकडे आतां अशा बैठका भरतात, आणि आपले कांहीं माजी विद्यार्थी शिक्षणास तिकडे गेल्यावर त्यांत रमले तर नवल नाहीं. नाटकाची आवड व बुद्धिबळाची आवड एकत्र झाली म्हणजे असा खेळ निघावा हें ठीकच आहे.

या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तींत 'अदृश्य' या अवस्थेखालीं दोन कलमें होतीं. पहिलें असें कीं, अदृश्य प्राणी मंत्रावांचून किंवा विशेष इंद्रियावांचून दिसत नाहीं. दुसरें असें कीं, त्याच्यावर वार करणारानें दोन फांसे टाकून त्यांतला कमी पडलेला धरावा, आणि त्यानें स्वतः वार करतांना जास्त पडलेला धरावा. दुसरीकडे, अदृश्य वस्तु दृश्य असल्याप्रमाणें पाहण्याचा एक मंत्रही त्याच ग्रंथांत आहे. आतां मांत्रिकानें तो मंत्र म्हटला व समोरचा अदृश्य शत्रु त्याला ढळढळीत दिसूं लागला, तर वार करतांना त्यानें कमी पडलेला फांसा धरावा काय? शब्दशः वाचणारे म्हणाले, धरावा. कारण दुसरें कलम पहिल्यावर अवलंबून आहे असें कोठें लिहिलेलें नाहीं. व्यवहारी लोक म्हणाले, जो मला दिसतो तो मला अदृश्य कसला! या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षें वाद झाला. अखेर २०२४ च्या सुधारलेल्या आवृत्तींत, जो तुम्हांस पाहूं शकतो त्याच्यापुरता हा लाभ मिळणार नाहीं, असें वाक्य घालावें लागलें.

इकडील विद्यार्थ्यांना यांत अपूर्व असें कांहीं वाटूं नये. हुतुतूचेंच पहा. संजीवनी पद्धतींत बाद झालेला गडी, आपल्या पक्षानें समोरचा एक गडी मारला कीं जिवंत होऊन परत येतो. गामिनींत तो परत येत नाहीं. अमर पद्धतींत बाद झाला तरी मैदान सोडीत नाहीं, केवळ गुण मोजला जातो. स्पर्श तोच, पण त्याचा अर्थ तीन ठिकाणीं तीन. आज कबड्डीचे सामने संजीवनीवर चालतात, म्हणून बाकीच्या दोन्ही चुकीच्या होत्या असें मात्र कोणी म्हणूं नये.

मग अर्थ लावावा कसा? येथें आम्हांस मीमांसकांची आठवण होते. जैमिनीच्या सूत्रांवर ज्यांनीं आयुष्यें खर्चिलीं त्या मंडळींस यज्ञाची विधिवाक्यें लावावयाचीं होतीं. पण त्यांनीं घडविलेलीं हत्यारें कोणत्याही नियमास लागतात. त्यांच्यापुढें एक अडचण होती, तीच त्यांचें भाग्य ठरली. वेदास कर्ता नाहीं असें त्यांचें मत असल्यामुळें, "तुमच्या मनांत काय होतें?" असें विचारावयास कोणी नव्हतें. सर्व अर्थ वाक्यांतूनच काढावा लागे. देशी बुद्धिबळाचीही तीच गोष्ट. राजाच्या उडीचा नियम कोणी केला हें कोणास ठाऊक? अमेरिकेंतील खेळाचे कर्ते प्रश्नांस उत्तरें देतात, आणि म्हणूनच त्या खेळाच्या भक्तांना ग्रंथ नीट वाचण्याचा कंटाळा येतो, असें आमचें आपलें मत आहे. कर्त्याच्या मनांत असलेलें पण कागदावर न उतरलेलें वाक्य खेळणारानें पाळावें कसें?

मीमांसकांनीं अर्थाच्या साधनांची उतरंड लावली आहे: श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. यांत आधींचें साधन पुढच्याहून बलवत्तर. श्रुति म्हणजे शब्दानें साक्षात् सांगितलेलें. समाख्या म्हणजे नुसतें नांव, व तें सर्वांत दुबळें. "त्याला अदृश्य म्हटलें आहे ना, मग तो कोणालाच दिसणार नाहीं" असा वाद घालणारा मुलगा समाख्येवर उभा आहे. मंत्रानें पाहतां येतें असें ग्रंथांत साक्षात् सांगितलें असतां त्याच्या नांवाला कोण विचारतो? सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो, ही गोष्टही आपल्या व्याकरणांत व मीमांसेंत उत्सर्ग आणि अपवाद या नांवांनीं मुरलेली आहे. अमेरिकन खेळाच्या २०१४ च्या ग्रंथांत तीच गोष्ट प्रारंभींच सांगितली आहे. दोघांना एकमेकांची खबर असण्याचें कारण नव्हतें. ज्यांना पुष्कळ नियम एकत्र नांदवावयाचे असतात ते सर्व याच जागीं येऊन पोहोंचतात.

शब्दशः अर्थानें हंसें होत असेल तर लक्षणा घ्यावी, हेंही शास्त्रच आहे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असें कोणी म्हटलें तर आपण ती प्रवाहांत शोधावयास जात नाहीं, कांठावर शोधतों. पण लक्षणेची परवानगी केव्हां, तर मुख्य अर्थ जुळतच नाहीं तेव्हां. मुख्य अर्थ आपल्याला गैरसोयीचा आहे तेव्हां नव्हे. पुष्कळ हुशार मुलें येथेंच घसरतात, आणि त्यांचे हुशार बापही.

आतां राजाच्या उडीकडे वळूं. 'घोड्यासारखी' हा शब्द म्हणजे मीमांसकांचा अतिदेश होय: एकाचे धर्म दुसऱ्याला लावणें. अतिदेश झाला म्हणजे पहिल्याचें सर्वच दुसऱ्याकडे जातें काय? नाहीं. जें प्रयोजनाला हवें तें जातें. जें विरोधी असेल त्याचा बाध होतो. घोड्याचें अडीच घरांचें चालणें राजाकडे आलें, मधल्या मोहऱ्यांवरून जाणें आलें. मारणें आलें कीं नाहीं, हा खरा वाद. आलें असें म्हणणारांची बाजू कमजोर नाहीं. ते म्हणतात, मारणें हा घोड्याचाही धर्म आहे आणि राजाचाही. मग दोघांतही असलेला धर्म उडीच्या वेळींच कोठें जातो? या प्रश्नाला केवळ शब्दांतून उत्तर मिळत नाहीं, म्हणून प्रयोजन पाहावें लागतें. ही उडी राजाला दिली कशासाठीं? शह बसला कीं ती जाते, यावरून ती लढाईच्या आधींची तयारी आहे हें उघड होतें. युरोपांत पुढें जी किल्लेकोटाची रीत पडली तिचा उगमही राजाच्या अशाच उडींत आहे, आणि किल्लेकोटांत राजा कोणास मारीत नाहीं; तो आडोशास जातो. यावरून आमचें मत असें कीं, उडी रिकाम्या घरावरच घ्यावी, मारूं नये. शह मध्यें मोहरें घालून चुकविला तरी हक्क गेलाच, कारण नियमांत शह 'बसणें' आहे, राजा 'हलणें' नाहीं; येथें श्रुति स्पष्ट असतां प्रयोजनाकडे धांवण्याचें कारण नाहीं. आणि त्याच न्यायानें, राजा एक घर साधा सरकला असला तरी त्याची उडी शाबूत राहते, कारण ती काढून घेणारा शब्द नियमांत नाहीं.

हा आमचा निकाल कोणास पटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. न पटणाऱ्यानें आपला लावावा. अट एकच: जो अर्थ आपल्या राजाला लावाल तोच समोरच्या राजाला लावावा, आणि तो डाव सुरू होण्यापूर्वीं सांगावा. वकिली व मीमांसा यांतील फरक आम्ही एवढ्यावरूनच ओळखतों. आपल्या मोहऱ्याविषयीं "मना कोठें केलें आहे?" असें विचारणारा आणि दुसऱ्याच्या मोहऱ्याविषयीं "दिलें कोठें आहे?" असें विचारणारा मुलगा कितीही बुद्धिमान असो, त्याच्याशीं खेळण्यांत गोडी नाहीं. सूत्रधारालाही हेंच लागू. अमेरिकन खेळांत सूत्रधाराचा शब्द अखेरचा मानतात, व तें योग्यही आहे, कारण दर घटकेला ग्रंथ उघडून बसल्यास कथा जागच्या जागीं थिजते. परंतु सोमवारीं योद्ध्याला दिलेली सवलत शुक्रवारीं राक्षसाला नाकारणारा सूत्रधार हा सूत्रधार नव्हे. तो स्वतःच एक खेळाडू झाला आहे, आणि त्याच्याविरुद्ध जिंकणें कोणासच शक्य नाहीं.

पालकांनीं यांत एक गोष्ट करावी अशी विनंती आहे. मुलें नियमावरून भांडूं लागलीं कीं "गप्प बसा, खेळच तर आहे" असें म्हणून पट उधळूं नये. त्यानें भांडण मिटत नाहीं, फक्त ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ कायम होतो. दोन मिनिटें बसून वाक्य काय आहे एवढें विचारावें. मोठ्यांच्या जगांत एका शब्दाच्या दोन अर्थांनीं काय काय झालें आहे याचा दाखला आपल्या घरांतच आहे. 'सपिंड' या शब्दाचा अर्थ मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें एकाच देहाचे अंश असलेले, म्हणजे रक्ताचे नातलग, असा केला. दायभागांत जीमूतवाहनानें पिंडदानाच्या संबंधावरून वारसा ठरविला. शब्द एकच, परंतु तेवढ्यावरून बंगालची वांटणी एका तऱ्हेची व उरलेल्या बहुतेक हिंदुस्थानची दुसऱ्या तऱ्हेची झाली, आणि १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा येईपर्यंत न्यायालयें त्याच वाटांनीं चाललीं. आपल्या अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तर आणखी एक गंमत होती. पुणें, अहमदनगर व खानदेश येथें मिताक्षरेच्या जोडीस नीलकंठाचा व्यवहारमयूख बरोबरीच्या अधिकाराचा मानीत, म्हणजे दोन ग्रंथांचा मेळ घालीतच निकाल काढावा लागे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं या ग्रंथांवर व धर्मशास्त्राच्या इतिहासावर जन्म वेंचला व १९६३ सालीं भारतरत्न मिळविलें. वाक्याचा अर्थ लावणें हें इतक्या तोलाचें काम आहे.

तितक्या लांब जावयास नको असेल तर विहिरीपर्यंत जावें. पारनेर तालुका अवर्षणाचा; येथें पाण्याची पाळी म्हणजे काय हें कोणास सांगावयास नको. एखाद्या सामाईक विहिरीचें वाटणीपत्र मोटेच्या काळांत लिहिलें गेलें, आणि त्यांत "थोरल्यानें चार दिवस व धाकट्यानें चार दिवस पाणी घ्यावें" एवढेंच लिहिलें, असें समजा. आज विहिरीवर विजेचा पंप आहे. मोट दिवसभर चालून जें पाणी काढी तें पंप थोड्या वेळांत काढतो, आणि वीज कधीं दिवसा येते तर कधीं रात्रीं. आतां 'दिवस' म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, कीं अहोरात्र, कीं एका दिवसांत मोटेनें निघे तेवढें पाणी? शब्दाला धरावें तर ज्याच्या चार दिवसांत वीज आली नाहीं तो कोरडा राहतो. प्रयोजनाला धरावें तर दोघांना सारखें पाणी पोहोंचावें असा अर्थ होतो, पण तो मोजावयाचा कसा? भाऊ भाऊ यावरून कोर्टांत जातात. ज्यानें लहानपणीं पटावर बसून "हा अर्थ तुझ्याही राजाला लागू" हें एकदां कबूल केलें आहे, तो निदान पारावर बसून बोलणें करूं शकेल, अशी आम्हांस आशा वाटते. आशाच, खात्री नव्हे; कारण पाण्याची तहान ही खेळांतली नसते.

वसतिगृहासाठीं आमची सूचना साधी आहे. पटाशेजारीं एक वही ठेवावी. ज्या नियमाबद्दल वाद झाला तो नियम, दोन्ही बाजूंचें म्हणणें, व ठरलेला अर्थ तीत लिहावा. कोण जिंकला हें लिहूं नये. पुढल्या वर्षीं नवीन मुलें आलीं म्हणजे त्यांना तो अर्थ बदलतां यावा, पण चालू डावाच्या मध्यावर नव्हे. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलें, तेव्हां पटापेक्षां त्यांनीं शिस्तीचाच पाया घातला असावा असें आम्हांस वाटतें. खेळाडू पुढें आपोआप झाले.

वहीच्या पहिल्या पानासाठीं एक प्रश्न आतांच शिल्लक आहे. घोड्याच्या पट्टींतील प्यादें शेवटच्या घरीं जाऊन घोडा झालें म्हणजे त्यास लागलीच एक उडी बक्षीस मिळे, असा नियम कांहीं ठिकाणीं होता. त्या बक्षिसाच्या उडीनें मारतां यावें कीं नाहीं? राजाच्या उडीचा आमचा निकाल येथें लागत नाहीं, कारण येथें 'घोड्यासारखा' हा शब्द नाहीं. तें प्यादें घोडाच झालेलें आहे, आणि घोडा मारतो. म्हणून मारतां यावें असें आमचें मत. परंतु वसतिगृहांतील दोन चांगल्या खेळाडूंचें म्हणणें उलट आहे: एका खेळींत प्यादें चढतें व मारतेंही, हें समोरच्याच्या पाळीवर आक्रमण आहे, असें ते म्हणतात. त्यांचें सर्व बोलणें ऐकून घेतल्यावांचून वहींत कांहीं लिहावयाचें नाहीं, असें ठरलें आहे.